सांकवाळचा सेवक : संत जुझे वाझ

जानेवारी महिन्याच्या पूर्वार्धात सांकवाळच्या वाटेवर भाविकांची रीघ लागते. सोळा तारखेला संत जुझे वाझ यांचे फेस्त असते. त्याआधीच्या नोव्हेनांना गोव्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात. जवळच, झुआरीच्या काठी, आरोग्यमातेच्या जुन्या चर्चचा दर्शनी भाग एकटाच उभा आहे. मागची इमारत १८३४ साली आगीत गेली. या चर्चमध्ये साडेतीनशे वर्षांपूर्वी एका तरुण धर्मगुरूने स्वतःला लेखी गुलाम करून घेतले होते. पुढे त्याच्याकडे मठाचे प्रमुखपद आले, एका संपूर्ण बेटाच्या धर्मकार्याची सूत्रे आली, बिशपपदाचा प्रस्तावही आला. परंतु त्या कागदावरील शब्द त्याने कधी मागे घेतला नाही.

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आजोळी झाला. वडील ख्रिस्तोवांव वाझ हे सांकवाळचे, आई मारिया द मिरांदा बाणावलीची. सहा भावंडांत त्यांचा क्रम तिसरा. घराणे गौड सारस्वत कुळातून ख्रिस्ती झालेले, गावात मान असलेले आणि खाऊनपिऊन सुखी होते. सांकवाळला पोर्तुगीज आणि बाणावलीला लॅटिन शिकल्यानंतर मुलाला राजधानीत, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात धाडण्यात आले. तेथे जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयात साहित्याचे आणि पुढे डोमिनिकनांच्या सेंट थॉमस अक्वायनस विद्यापीठात तत्त्वज्ञान व धर्मशास्त्राचे शिक्षण झाले.

१६७५ साली त्यांना डीकनपदाची दीक्षा मिळाली ती कुस्तोदियो द पिन्यो या बिशपांच्या हातून. विजापूर आणि गोवळकोंडा या दोन दख्खनी राज्यांतील कॅथलिकांसाठी रोमने नेमलेले ते प्रतिनिधी होते. पुढच्याच वर्षी, १६७६ मध्ये, गोव्याचे आर्चबिशप आंतोनियो ब्रांदांव यांनी जुझे वाझ यांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली.

त्या काळी धर्मगुरुपद म्हणजे प्रतिष्ठेची जागा होती. प्रतिष्ठित घराण्यातला मुलगा पाद्री झाला की घराण्याची पत वाढे. पायात उत्तम जोडे, डोईवर छत्री आणि मागे नोकर अशा थाटात त्याचे येणेजाणे होई. जुझे वाझ यांनी दीक्षेनंतर पहिली गोष्ट केली ती पायताण सोडण्याची. गरिबांप्रमाणे ते अनवाणी चालू लागले आणि अखेरपर्यंत तसेच चालले. सांकवाळला त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. उत्तम वक्ता आणि पापनिवेदन ऐकणारा समंजस धर्मगुरू म्हणून राजधानीतही त्यांचे नाव झाले. गोव्यात राहून मोठे होण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता.

५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी आपले प्रसिद्ध दास्यपत्र लिहिले. मी आजपासून माता मरियेचा कायमचा गुलाम आहे, अशा आशयाचे ते प्रतिज्ञापत्र सांकवाळच्या चर्चमध्ये वेदीसमोर लिहिले गेले. आजच्या वाचकाला ही निव्वळ भक्तीची भाषा वाटेल. परंतु सतराव्या शतकातील गोव्यात गुलाम ही उपमा नव्हती. आफ्रिकेतून आणि भारताच्या इतर भागांतून आणलेले स्त्री-पुरुष येथे विकले जात होते. श्रीमंतांच्या घरांत, अगदी धर्मसंघांच्या मठांतही गुलाम राबत असत. गुलामाला पगार नाही, सुट्टी नाही, स्वतःचे मत नाही आणि मालकाने सांगितलेल्या ठिकाणी त्याने जायचे, हे सारे गाव डोळ्यांनी पाहत होते. अशा समाजात प्रतिष्ठित कुळातील सव्वीस वर्षांच्या सुशिक्षित तरुणाने तो शब्द स्वतःला लावून घेणे, आणि तेही लेखी, ही साधी गोष्ट नव्हती.

सिलोनविषयी त्यांच्या कानावर आले ते याच सुमारास. पोर्तुगिजांकडून डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना घेतले होते. डच हे कॅल्विनपंथी. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बेटाबाहेर काढले, चर्चे ताब्यात घेतली आणि कॅथलिक धर्मगुरूला घरात आसरा देणाऱ्यास देहांतापर्यंतची शिक्षा फर्मावली. हजारो कुटुंबे एकाएकी पोरकी झाली. वृद्ध माणसे शेवटच्या संस्काराविना मरत होती. गोव्यात ही हकिकत ठाऊक असलेले पुष्कळ होते, हळहळणारेही होते. परंतु गोरा पाद्री तेथे पाऊल ठेवताच ओळखला गेला असता आणि एतद्देशीय पाद्र्यावर असे काम सोपवण्याची वरिष्ठांची तयारी नव्हती. जुझे वाझ यांनी जाण्याची परवानगी मागितली. ती न मिळता १६८१ मध्ये त्यांची रवानगी कानडा प्रांतात झाली.

ही नेमणूक एका चिघळलेल्या भांडणाच्या मध्यभागी होती. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चवर पाद्रोआदो नावाचे संरक्षक-अधिकार होते. उलट, रोमने प्रोपागांदा फिदे या संस्थेमार्फत स्वतःचे बिशप नेमायला सुरुवात केली होती. कानड्यात रोमने नेमलेले बिशप थॉमस द कास्त्रो हे होते आणि गोव्याचे आर्चबिशप त्यांना मानत नव्हते. गंमत अशी की कास्त्रोही गोमंतकीयच. भारतातील पहिले एतद्देशीय बिशप ठरलेल्या दिवाडीच्या मातेउश द कास्त्रो यांचे ते पुतणे. दोन गोमंतकीयांच्या दोन टोप्यांखाली मंगळूर, बसरूर, बारकूर, मुल्की, कल्याणपूर येथील सामान्य कॅथलिक मात्र गोंधळून गेले होते. कोणत्या पाद्र्याने लावलेले लग्न खरे आणि कोणाचे खोटे, हा प्रश्न घरोघर होता.

जुझे वाझ गोव्याच्या बाजूने पाठवलेले अधिकारी होते. आपल्या पक्षाचा झेंडा पुढे नेणे हे त्यांचे काम होते, आणि तसे केले असते तर गोव्यात त्यांचे कौतुकच झाले असते. त्यांनी वेगळा रस्ता धरला. बिशप कास्त्रो यांची भेट घेतली, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि रोमचा निर्णय येईपर्यंत लोकांचे संस्कार अडू नयेत एवढ्यापुरता समेट साधण्याचा प्रयत्न केला. वाद त्याने मिटला नाही. पुढेही पुष्कळ वर्षे तो धुमसत राहिला. पण त्यांचा स्वतःचा वेळ वादात गेला नाही. केळदीच्या राणी चेन्नम्माच्या राज्यात, पावसाळ्यात तुडुंब वाहणाऱ्या नद्या ओलांडत, ते वस्त्या पायी फिरले. मंगळूरचे चर्च त्यांनी नव्याने उभे करविले, गंगोळीला चर्च बांधले, मुलांसाठी शाळा काढल्या. भिक्षा मागून पैसे जमवले आणि त्या पैशांतून गुलामीत विकल्या गेलेल्या ख्रिस्ती माणसांना सोडवले. सांकवाळचे दास्यपत्र आणि कानड्यातील ही गुलाममुक्ती एकत्र वाचली पाहिजे.

१६८४ मध्ये ते गोव्यात परतले. गोवा तेव्हा हादरलेला होता. छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा १६८३ च्या अखेरीस साष्टी आणि बारदेशात शिरल्या होत्या आणि राजधानी पडते की काय अशी वेळ आली होती. संकट टळले, पण भेदरलेल्या सत्तेने राग काढला तो लोकांच्या भाषेवर. त्याच १६८४ साली व्हाइसरॉयने कोंकणीचा वापर बंद करून तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. त्या हुकुमाची तीन वर्षांची मुदत भरत आली, तेव्हा एक गोमंतकीय पाद्री समुद्रापलीकडे तमिळ शिकत होता. पुढे तुरुंगात बसून तो सिंहली शिकणार होता. लोकांची भाषा लोकांकडून काढून घेऊन त्यांचा धर्म टिकवता येतो अशी समजूत असलेल्या राजवटीत तो वाढला होता, हे लक्षात घेतले तर त्याचे वेगळेपण ध्यानात येते.

सिलोनला जाण्यापूर्वी गोव्यात आणखी एक काम झाले. त्या काळी युरोपीय धर्मसंघांची दारे एतद्देशीय धर्मगुरूंना जवळजवळ बंद होती. जुन्या गोव्यात टेकडीवरील चमत्कारी क्रुसाच्या चर्चजवळ काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थनामय जीवन जगण्याचा प्रयत्न करीत होते, परंतु त्याला घडी नव्हती. २५ सप्टेंबर १६८५ रोजी जुझे वाझ त्यांच्यात सामील झाले आणि लगोलग प्रमुख निवडले गेले. सेंट फिलिप नेरी यांनी सोळाव्या शतकात रोममध्ये सुरू केलेल्या ऑरेटरीचा नमुना त्यांनी पुढे ठेवला. व्रतांच्या बेड्या नाहीत, पण समान जेवण, समान काम, नियमित प्रार्थना आणि आजूबाजूच्या गावांत जाऊन सेवा. लिस्बनच्या ऑरेटरीकडून नियम आणवले गेले. रोमची मान्यता यथावकाश आली. आशियातील एतद्देशीय धर्मगुरूंचा हा पहिला संघ मानला जातो.

या संघाची एक बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गोव्याच्या ऑरेटरीत ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती धर्मगुरूंनाच प्रवेश होता. चारडो धर्मगुरूंना पुढे चिंबलला कार्मेलाइट परंपरेचे आपले वेगळे घर उभारावे लागले, आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींना यांपैकी कोणतेच दार उघडे नव्हते. पोर्तुगिजांनी वर्णावरून ज्यांना बाहेर ठेवले, त्यांनीच जातीवरून इतरांना बाहेर ठेवले. जुझे वाझ वैयक्तिक जीवनात कोणाच्याही झोपडीत राहिले, कोणाच्याही हातचे जेवले. तरी त्यांच्या संघाने ही भिंत पाडली नाही. संतचरित्रे या ठिकाणी सहसा मौन पाळतात. काळाची मर्यादा म्हणून ते समजून घेता येईल, पण ती मर्यादा होती हे सांगायला हवे.

प्रमुखपद हाती येऊन वर्षही लोटले नव्हते. संघ नवा होता, कोवळा होता आणि दुसऱ्या कोणाही संस्थापकाने तो रांगेला लावण्यासाठी आयुष्य घालवले असते. जुझे वाझ यांनी १६८६ मध्ये प्रमुखपण सहकाऱ्यांकडे सोपवून गोवा सोडला. बरोबर जुवांव नावाचा घरचा तरुण सेवक होता. किनाऱ्याकिनाऱ्याने मलबार उतरत ते १६८७ च्या ईस्टरला तुतिकोरिनला पोहोचले. तेथून पुढे पाद्री म्हणून जाणे शक्यच नव्हते. त्यांनी झगा उतरवला, कमरेला पंचा गुंडाळला आणि हमालासारखा वेश करून सिलोनच्या गलबतावर पाय ठेवला.

या क्षणी दोघांचे नाते पालटले. आजवर जुवांव सेवक आणि जुझे वाझ मालक होते. आता दोघेही पोट भरायला निघालेले मजूर, आणि मजुराला मजुरासारखेच वागावे लागते. वादळांत सापडून हाल झालेल्या प्रवासानंतर ते जाफन्याला पोहोचले तोवर जुझे वाझ हगवणीने खंगले होते. डच अंमलात परक्या आजाऱ्याला कोणी घरात घेईना. गावाबाहेर उघड्यावर पडलेल्या या दोन अनोळखी माणसांना एका बाईने रोज पेज आणून दिली, असे चरित्रकार सांगतात. पेज हा शब्द गोमंतकीयाला समजावून सांगावा लागत नाही. पुढे ज्याच्या नावाने बेटावर चर्चे उभी राहिली, त्याचा तेथील पहिला आश्रय म्हणजे ही पेजेची वाटी.

बरे झाल्यावर कॅथलिक शोधायचे कसे हा प्रश्न आला. विचारावे तर विचारणाराच पकडला जाणार. जुझे वाझ यांनी भिकाऱ्याची झोळी घेतली, गळ्यात जपमाळ उघडी ठेवली आणि ते दारोदार फिरू लागले. बहुतेक दारांतून मूठभर भात मिळे किंवा शिव्या मिळत. एखाद्या दारात मात्र भिक्षा घालणाऱ्याची नजर त्या माळेवर खिळे. हळूहळू एका कुटुंबाने धीर केला, मग दुसऱ्याने. जाफन्याजवळचे सिल्लालाई हे कॅथलिक गाव त्यांचा पहिला तळ ठरले. रात्री मिस्सा, रात्रीच बाप्तिस्मे आणि लग्ने, पहाटेपूर्वी पुढचे गाव असा क्रम सुरू झाला. तीस वर्षे संस्काराविना राहिलेली माणसे मैलोनमैल चालत येत.

१६८९ च्या नाताळात डच अधिकाऱ्यांनी जाफन्यात कॅथलिकांच्या जमावावर छापा घातला. शेकडो माणसे पकडली गेली. त्यांतल्या प्रमुखांना फटके आणि सक्तमजुरीची शिक्षा झाली. कॅल्विनपंथ सोडून आलेल्या एकाला फटक्यांनीच मारले गेल्याची हकिकत चरित्रांत येते. जुझे वाझ निसटले. भाविक त्याला चमत्कार म्हणतात. पण निसटलेल्या माणसाच्या मनाचे काय झाले असेल, याचा विचार चरित्रकार फारसा करत नाहीत. ज्यांनी त्याला घरात घेतले ते कोठडीत आणि तो बाहेर. प्रमुखाला वाचवून अनुयायांनी मार खाणे हा प्रसंग कोणत्याही प्रामाणिक नेत्याला आयुष्यभर सलत राहणारा. यानंतरच्या काळात त्यांनी स्वतःच्या सुरक्षिततेचा विचार केल्याचे कोठे दिसत नाही.

जाफन्यात राहणे आता इतरांच्या जिवावर बेतणारे होते. १६९० मध्ये ते पुत्तळमला गेले. तो भाग डचांच्या नव्हे, कँडीच्या राजाच्या अमलाखाली होता. १६९२ मध्ये थेट कँडीला जाण्याचा त्यांनी निश्चय केला. आंतोनियो द ओर्ता या व्यापाऱ्याने त्यांना वाट दाखवली. परंतु कँडीच्या वेशीवर पोहोचण्याआधीच दरबारातील एका ह्युगेनॉट फ्रेंचाने राजाचे कान फुंकले होते: येणारा माणूस साधू नसून पोर्तुगिजांचा हेर आहे. राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना अटक करविली.

कैद फार कडक नव्हती. पळून जात नाही असे दिसल्यावर पहारेकऱ्यांनी दुर्लक्ष केले. जुझे वाझ यांनी तेथे सिंहली शिकायला घेतली. आवारात झावळ्यांची एक खोपटी उभारून त्यात वेदी मांडली. कँडीत पोर्तुगीज काळापासून राहिलेले कॅथलिक होते. त्यांना कळले की तुरुंगात एक पाद्री आहे, आणि ते तुरुंगाकडे येऊ लागले. इतरांनी सुटकेसाठी अर्जविनंत्या केल्या असत्या. यांनी तुरुंगालाच चर्च केले.

पुढे कँडीत मोठा दुष्काळ पडला. राजाच्या सांगण्यावरून बौद्ध भिक्षूंनी पावसासाठी विधी केले, पाऊस आला नाही. तेव्हा राजाने या परदेशी कैद्यालाही प्रार्थना करायला सांगितले. त्यांनी चौकात वेदी आणि क्रूस मांडला आणि प्रार्थना केली, पाऊस आला. त्या पावसात ते स्वतः आणि वेदी कोरडी राहिली, अशी आख्यायिका आहे. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते यानंतरचे: राजाने त्यांना मोकळे केले आणि राज्यात फिरण्याची परवानगी दिली. बौद्ध राजाच्या या उदारपणावाचून जुझे वाझ यांचे पुढचे कार्य घडलेच नसते. ख्रिस्ती डचांनी ज्या कॅथलिकांना छळले, त्यांना आसरा दिला तो बौद्ध राजाने.

दहा वर्षे एकाकी काम केल्यानंतर गोव्याच्या ऑरेटरीतून सहकारी आले. त्यांत जुझे द मिनेझिस आणि जुझे वाझ यांचे भाचे जुझे कार्व्हालो होते. त्यांच्याबरोबर बातमी आली की कोचीच्या बिशपांनी जुझे वाझ यांना सिलोनचे व्हिकार जनरल नेमले आहे. म्हणजे आता ते रीतसर प्रमुख झाले. आणि नेमकी त्याच काळात, १६९७ मध्ये, कँडीत देवीची साथ उसळली.

साथ पसरताच राजा नगर सोडून गेला, श्रीमंत गेले, ज्यांना पाय होते ते सारे गेले. घरातल्या आजाऱ्याला रानात नेऊन टाकण्याची रीत होती. बापाने मुलाला टाकावे, मुलाने आईला टाकावे असे दिवस होते. जुझे वाझ आणि कार्व्हालो मागे राहिले. रानात टाकलेल्यांसाठी त्यांनी झोपड्या उभारल्या, दररोज फिरून अन्न आणि औषध दिले, जखमा धुतल्या, कपडे बदलले, मेलेल्यांसाठी स्वतः खड्डे खणले. रोगी ख्रिस्ती की बौद्ध हे पाहिले नाही. व्हिकार जनरल म्हणून त्यांनी केलेले पहिले मोठे काम हे असे, घाण उपसण्याचे होते. साथ ओसरल्यावर राजाने उघडपणे कबूल केले की हे मामाभाचे नसते तर नगराचे रस्ते प्रेतांनी भरून गेले असते. यानंतर राजाने त्यांच्या कामाला आडकाठी केली नाही. भिक्षूंच्या आग्रहावरून कार्व्हालोंना काही काळ हद्दपार केले गेले, तरी १६९९ मध्ये मामा त्यांना घेऊन परत आले आणि कँडीत नवे चर्च पुरे झाले.

पुढल्या काळात गोव्याहून आणखी धर्मगुरू आले. १७०५ मध्ये आलेल्यांत दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस होते. जुझे वाझ यांनी बेटाचे आठ विभाग केले आणि प्रत्येक विभाग एका धर्मगुरूच्या हाती दिला. गोन्साल्विसांच्या अंगी भाषेची विलक्षण गती आहे हे ओळखून त्यांना ग्रंथरचनेला लावले. त्यांनी सिंहलीत आणि तमिळमध्ये इतके लिहिले की सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या एका प्रमुख ग्रंथाचे नाव देववेद पुराणय असे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये रायतूरला छापलेले मराठी ख्रिस्तपुराण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा पुराण शब्द सिलोनात भेटल्यावर आपलेपणा वाटेल. धर्म परका असला तरी त्याने स्थानिक वाणीचे वस्त्र नेसले पाहिजे, ही गोमंतभूमीवरची समज समुद्रापलीकडे गेली होती.

याच सुमारास पोपचे प्रतिनिधी द तुर्नों हे पाँडिचेरीला आले. सिलोनच्या कामाची हकिकत त्यांच्या कानी गेली आणि जुझे वाझ यांना बिशप करावे असा विचार पुढे आला. अधिकार मिळाला असता, गोव्यावरचे अवलंबन संपले असते, इतिहासात एतद्देशीय बिशप म्हणून नोंद झाली असती. त्यांनी नकार दिला. नकारामागे नम्रता होती हे खरेच. परंतु व्यवहारही होता. सिलोनात प्रमुखाने झोळी घेऊन हिंडायचे होते, डचांच्या हद्दीत वेश बदलून शिरायचे होते, रात्री कोणाच्या गोठ्यात निजायचे होते. बिशपच्या दंडाला आणि अंगठीला तेथे जागा नव्हती.

आपल्या भागाबाहेर, परक्या भाषेच्या मुलुखात, परदेशी सत्तेच्या आधाराविना एतद्देशीय धर्मगुरूने जावे ही वाट पुढे इतरांनीही चोखाळली. जुझे वाझ यांच्याशी त्यांचा थेट संबंध नसला तरी. निजामाच्या राज्यातील तेलंगणात तिरुनेलवेलीचे तमिळ व्ही. एस. अझरया १९०९ मध्ये डोर्नकलला गेले. त्यांनीही आधी परकी तेलुगू शिकून घेतली आणि १९१२ मध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. १९४५ मध्ये मरेपर्यंत त्यांचे काम मुख्यतः खेड्यांतील दलित वस्त्यांमध्ये होते. जी भिंत गोव्याच्या ऑरेटरीने पाडली नाही, तिच्यापलीकडचे. त्याच तेलंगणाच्या उत्तर टोकाला आदिलाबाद आहे. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडला लागून असलेल्या या जिल्ह्यात तेलुगूबरोबर मराठी, गोंडी आणि कोलामी कानावर पडतात. १९६२ मध्ये चांदा, म्हणजे चंद्रपूर येथील मिशन केरळच्या सिरो-मलबार चर्चमधील कार्मेलाइट संघाकडे सोपवले गेले आणि १९९९ मध्ये त्या चांदा धर्मप्रांतातून आदिलाबादचा वेगळा धर्मप्रांत निघाला. मल्याळी धर्मगुरूने गोंड पाड्यावर जाऊन तेथली बोली कानात भरून घ्यायची, ही गोष्ट कँडीच्या तुरुंगातील सिंहलीच्या धड्यांहून फार निराळी नाही.

सिलोनमधल्या कामाला पैसा कोठून येत होता हेही पाहण्यासारखे आहे. पोर्तुगालच्या राजाची तिजोरी त्यामागे नव्हती. गोव्यातील ऑरेटरी आणि तिचे हितचिंतक जमेल तेवढे पाठवत. बाकीचे बेटावरचे गरीब कॅथलिकच देत. म्हणून हे काम कोणत्याही राज्यसत्तेचे शेपूट झाले नाही. पोर्तुगीज सत्ता सिलोनातून गेल्यावर पोर्तुगिजांचा धर्मही जाईल असा डचांचा कयास होता. तो चुकला, कारण तो धर्म आता पोर्तुगिजांचा राहिला नव्हता.

सततच्या पायपिटीने शरीर थकत गेले. राजा विमलधर्मसूर्य १७०७ मध्ये वारला, पण त्याचा वारस नरेंद्रसिंह यानेही या वृद्ध पाद्र्याला मान दिला. अखेरची काही महिने जुझे वाझ अंथरुणाला खिळून होते. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांचे निधन झाले, तेव्हा वय साठीच्या आतच होते. सिलोनात आल्यापासून ते एकदाही गोव्याला परतले नव्हते. सांकवाळ, बाणावली, टेकडीवरचा मठ यांपैकी काहीच त्यांनी पुन्हा पाहिले नाही. मागे सत्तर हजारांच्या आसपास कॅथलिक राहिले असा आकडा चरित्रकार देतात. कँडीच्या चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले.

१७१३ मध्येच कोचीच्या बिशपांनी त्यांच्या संतत्वाच्या चौकशीला आरंभ केला. ऑरेटरीचेच सेबास्तियांव द रेगो यांनी लिहिलेले चरित्र १७४५ मध्ये लिस्बनला छापले गेले. मग प्रकरण थंडावले. १८३४-३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने सगळे धर्मसंघ बरखास्त केले आणि त्यात गोव्याची ऑरेटरीही संपली. चमत्कारी क्रुसाचे चर्च आज भग्नावस्थेत आहे. तो क्रूस सी कॅथेड्रलमध्ये हलवण्यात आला. पाठपुरावा करणारा संघच उरला नाही, म्हणून एका गोमंतकीयाचे संतत्व शतकानुशतके कागदांत पडून राहिले. विसाव्या शतकात गोवा आणि श्रीलंका या दोन्हीकडून तो विषय पुन्हा हाती घेतला गेला. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबोत त्यांना धन्य घोषित केले. पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट बाजूला ठेवली आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर त्यांना संतपद दिले. श्रीलंका त्यांना आपला पहिला संत मानते. तीन दशकांची यादवी सोसलेल्या त्या देशात तमिळ आणि सिंहली अशा दोन्ही भाषक कॅथलिकांनी त्या दिवशी त्याच एका नावाचा जयजयकार केला. दोन्ही भाषांत प्रार्थना करणारा माणूस त्यांना तीनशे वर्षांपूर्वी भेटला होता.

त्यांच्या मृत्यूनंतर काही दशकांतच कँडीच्या दरबाराचे वारे फिरले, ऑरेटरीच्या धर्मगुरूंना राज्याबाहेर जावे लागले आणि ते चर्च नाहीसे झाले. नंतरच्या काळात त्यांची कबर शोधण्याचे प्रयत्न झाले. ती आजवर सापडलेली नाही.